देवाच्या शक्तीने बोलणे, देवाच्या शक्तीने राबणे: म्हणजे नेमके काय करायचे?

"प्रभू, मला तुझ्या सामर्थ्याने बोलू दे" ही प्रार्थना आपल्या मंडळ्यांत सतत कानावर पडते. उपदेशाला उभे राहताना, घरप्रार्थनेला बसताना, दवाखान्याच्या पायऱ्या चढताना ती केली जाते. पण आमेन म्हटल्यावर पुढच्या पाच मिनिटांत काय वेगळे करायचे, हे फारसे कोणी सांगत नाही. मग काहीजण आवाज चढवतात आणि त्यालाच सामर्थ्य समजतात. काहीजण अंगात काही जाणवले नाही म्हणून गप्प राहतात आणि उठून घरी जातात.

या विषयाचे मूळ १ पेत्र ४:१०-११ मध्ये आहे. ज्याला जे कृपादान मिळाले आहे ते त्याने कारभाऱ्यासारखे एकमेकांसाठी वापरावे, असे पेत्र सांगतो. बोलणाऱ्याने आपण देवाची वचने बोलत आहोत असे बोलावे, सेवा करणाऱ्याने देव पुरवतो त्या शक्तीने करावी, आणि या सगळ्यात गौरव देवाचा व्हावा. सगळी दाने त्याने या दोनच खणांत ठेवली आहेत: तोंडाची आणि हातांची. त्याच्या आधीची तीन वचने वाचली की प्रसंगही कळतो. प्रार्थनेसाठी शुद्धीवर राहा, एकमेकांवर मनापासून प्रीती करा, कुरकुर न करता पाहुणचार करा. आजच्या तुर्कस्तानच्या प्रदेशात विखुरलेल्या, शेजाऱ्यांचे टोमणे सोसणाऱ्या घरांना हे पत्र गेले होते. म्हणजे देवाच्या शक्तीचा विषय इथे व्यासपीठावरून निघालेला नाही. तो दारात आलेल्या पाहुण्याला जेवू घालण्यावरून निघाला आहे.

शक्ती येते ती कशी

पवित्र शास्त्रात देवाच्या आत्म्याने भरलेला म्हणून ज्यांचा नावानिशी उल्लेख येतो, त्यांतला अगदी सुरुवातीचा माणूस कारागीर आहे. निर्गम ३१ मधला बसालेल. सोने, रुपे आणि पितळ घडवायला, रत्ने कोरायला आणि लाकडाचे नक्षीकाम करायला त्याला आत्मा दिला गेला. हत्यार मात्र त्यालाच धरावे लागले. जखऱ्या ४:६ आपण फलकांवर लावतो: बलाने नव्हे, पराक्रमाने नव्हे, तर माझ्या आत्म्याने. तीनच वचने पुढे गेलो तर देव म्हणतो की जरुब्बाबेलाच्या हातांनी या मंदिराचा पाया घातला आणि त्याचेच हात ते पुरे करतील. आत्म्याने काम होणे आणि हातांनी काम होणे, दोन्ही एकाच अध्यायात आहे. पौलही कलस्सैकरांस १:२९ मध्ये आपण झटून श्रम करतो असे सांगतो आणि त्याच दमात म्हणतो की ही माझ्यात काम करणारी त्याची शक्ती आहे.

त्यामुळे "मी काही करायचे नाही, देवच करील" आणि "मीच करायचे, देवाने फक्त आशीर्वाद द्यावा" ही दोन्ही वाक्ये नेम चुकवतात. काम माणूसच करतो. पण ते करताना तो आपल्या हुशारीवर, ओळखीवर किंवा आवाजावर टेकलेला नसतो.

शक्ती ज्या वाटेने येते ती पुष्कळदा इतकी साधी असते की ओळखूच येत नाही. १ राजे १९ मध्ये एलीया थकून झुडपाखाली पडला आणि मरण मागू लागला. देवाने त्याला आधी उपदेश केला नाही. झोपू दिले. दूताने उठवले तेव्हा उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई होती. खाऊन तो पुन्हा झोपला. पुन्हा उठवले, पुन्हा खायला दिले. त्या अन्नाच्या बळावर तो चाळीस दिवस चालला, आणि प्रश्न विचारणारी वाणी त्यानंतर आली. तीन रात्री आजाऱ्याच्या उशाशी जागलेल्या माणसाला देवाची शक्ती हवी असेल तर तिचा पहिला हप्ता बहुधा दुसऱ्या कोणीतरी केलेल्या डब्यात आणि सहा तासांच्या झोपेत असतो. हे मान्य करण्यात अविश्वास नाही.

ताईत नव्हे

सर्वांत मोठी चूक म्हणजे देवाच्या नावाला आणि वचनाला ताईतासारखे वापरणे. १ शमुवेल ४ मध्ये इस्राएल पहिली लढाई हरल्यावर लोकांचे वडीलधारे म्हणतात, कराराचा कोश (देवाच्या आज्ञांच्या पाट्यांची पवित्र पेटी) आणू म्हणजे तो आपल्याला वाचवील. कोश छावणीत आला तेव्हा एवढा जयघोष झाला की जमीन दणाणली. त्या दिवशी तीस हजार पायदळ पडले आणि कोश शत्रूच्या हाती गेला. जयघोष खरा होता, कोशही खरा होता. पण देवाकडे वळण्याचे काम कोणी केले नव्हते. प्रेषितांची कृत्ये १९ मध्ये स्किवाचे सात मुलगे "पौल ज्याची घोषणा करतो त्या येशूच्या नावाने" भूत काढायला गेले आणि उघडेनागडे, जखमी होऊन पळाले. नाव बरोबर होते, ओळख उसनी होती.

आजचा ताईत वेगळ्या रूपात येतो. उशाखाली ठेवलेले पण न उघडलेले शास्त्र, डोळे मिटून पान उघडून जे बोटाखाली येईल ते "आजचे वचन" मानणे, "हे वचन अकरा जणांना पाठवा" असे मेसेज. अशाने वचनाचा अर्थ मनात उतरतच नाही. अर्थ नसलेले वचन आणि मंत्र यांत मग फरक उरत नाही.

वचन वापरण्याआधी

वचन योग्य आणि अयोग्य कसे वापरले जाते याचा सर्वांत स्पष्ट धडा मत्तय ४ मध्ये आहे, कारण तिथे दोघेही शास्त्रच बोलतात. येशूची तिन्ही उत्तरे जुन्या करारातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकातून आहेत: ८:३, ६:१६ आणि ६:१३. हे तिन्ही दाखले इस्राएलाच्या चाळीस वर्षांच्या रानातल्या प्रवासाबद्दलच्या भागातले आहेत, आणि येशू स्वतः रानात चाळीस दिवस उपाशी आहे. म्हणजे त्याने वचन उचलले ते आपल्या प्रसंगाशी खरोखर जुळणाऱ्या ठिकाणाहून. सैतानाने स्तोत्र ९१:११-१२ म्हटले. शब्द खरेच होते. पण "तुझ्या सर्व मार्गांत" तुझे रक्षण करतील, यातले मार्गांचे शब्द गळले. त्या स्तोत्रात देवाच्या आश्रयाला राहून आपल्या वाटेने चालणाऱ्याला अभय आहे. मंदिराच्या शिखरावरून मुद्दाम उडी मारणाऱ्याला नाही.

यातून एक साधी पद्धत निघते. कोणालाही वचन देण्याआधी त्या वचनाच्या मागची दहा आणि पुढची दहा वचने वाचा, जमल्यास सगळा अध्याय. वाचताना तीन प्रश्न विचारा. हे कोण कोणाला म्हणाला? तेव्हा त्यांच्यावर काय वेळ आली होती? यात देवाबद्दल काय कळते जे आजही तसेच आहे? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर तेवढे दुसऱ्याच्या हातात द्यायचे. याला दहा-पंधरा मिनिटे लागतात. ती न काढल्यास काय होते, याची दोन उदाहरणे रोजच्या वापरातली आहेत.

यिर्मया २९:११, "तुमच्याविषयी माझ्या मनात जे संकल्प आहेत ते हिताचे आहेत." नोकरीच्या मुलाखतीला निघालेल्या मुलाला, लग्न जमत नसलेल्या मुलीला हे वचन हमखास मिळते, आणि त्याचा अर्थ घेतला जातो: लवकरच होईल. पण हे पत्र बाबेलात नेलेल्या बंदिवानांना आहे आणि आदल्याच वचनात मुदत दिली आहे: सत्तर वर्षे. त्याआधीच्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा लोकांना दोन वर्षांत सुटका सांगत होता, आणि यिर्मयाने त्याला खोटे ठरवले. म्हणजे "लवकरच" हा अर्थ या वचनाने जो खोडून काढला नेमका तोच आपण त्याच्यावर लादतो. वचन पोकळ आहे असे मात्र नाही. घरे बांधा, बागा लावा, लेकरांची लग्ने करा, ज्या नगरात नेले आहे त्याच्या कल्याणासाठी प्रार्थना करा, असे तेच पत्र सांगते. नोकरी न लागलेल्या मुलाला हा पूर्ण अध्याय वाचून दाखवला तर वाट पाहण्याच्या काळात काय करायचे ते त्याला मिळते. नुसते अकरावे वचन दिले तर तीन महिन्यांनी त्याला वाटते, देवाने शब्द पाळला नाही.

फिलिप्पैकरांस ४:१३ हेही तसेच. "मला जो सामर्थ्य देतो त्याच्याकडून मी सर्व काही करायला शक्तिमान आहे" हे परीक्षेच्या पॅडवर लिहिलेले असते. पौल ते बेड्यांत असताना लिहितो, आणि आधीच्या वचनात "सर्व काही" म्हणजे काय ते सांगतो: भरल्या पोटी राहणे आणि उपाशी राहणे, विपुलता आणि टंचाई. यशाची हमी तिथे नाही. नापास झालेल्या मुलाला हे वचन पास झालेल्यापेक्षा जास्त लागू पडते, आणि ते त्याला त्या दिवशी सांगणारे कोणीतरी हवे.

आणखी एक सावधगिरी. "देवाने मला तुझ्यासाठी सांगितले आहे" हे वाक्य फार जड आहे, कारण ऐकणाऱ्याला मग नाही म्हणायला जागा उरत नाही. लग्न, पैसा, नोकरी सोडणे आणि औषधोपचार या चार बाबतींत ते वापरूच नये. पौल थेस्सलनीकाकरांना संदेश तुच्छ मानू नका म्हणतो आणि लगेच पुढे सगळे पारखून घ्या असेही म्हणतो. म्हणून "प्रार्थनेत हे वचन माझ्या मनात आले; तुम्ही वाचून, पाळकांशी बोलून पाहा" एवढे पुरे. देव त्यातूनही बोलू शकतो, आणि चूक झालीच तर ती आपल्या नावावर राहते, देवाच्या नाही.

आजाऱ्याच्या आणि दुःखिताच्या घरी

योहान ११ सावकाश वाचावा असा अध्याय आहे. लाजर मेल्यानंतर येशू बेथानीला येतो. मार्था त्याला म्हणते, "प्रभू, आपण येथे असता तर माझा भाऊ मरता ना." थोड्या वेळाने मरीया येऊन पाया पडते आणि तेच वाक्य म्हणते. तक्रार एक, दुःख एक, घर एक. मार्थेशी येशू बोलतो: पुनरुत्थान व जीवन मी आहे, असे तिला शिकवतो आणि विचारतो, तुझा विश्वास आहे का? मरीयेला तो यातले काहीही सांगत नाही. तिला रडताना पाहून व्याकूळ होतो, कुठे ठेवले आहे ते विचारतो, आणि स्वतः रडतो. मार्थेला वचन हवे होते, मरीयेला सोबत. आणि दोघींना काय द्यायचे हे त्याने वाक्यावरून ठरवले नाही, माणसाकडे पाहून ठरवले.

याच्या उलट टोकाला ईयोबाचे मित्र. त्यांची सुरुवात चांगली होती: सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर नि:शब्द बसले. बिघडले ते बोलायला लागल्यावर. त्यांचे शब्द खोटे होते असेही नाही. अलीफजाचे एक वाक्य पौलाने १ करिंथकरांस ३:१९ मध्ये शास्त्रवचन म्हणून दिले आहे. तरी शेवटी देव अलीफजालाच म्हणतो, माझा कोप तुझ्यावर आणि तुझ्या दोघा मित्रांवर भडकला आहे, तुम्ही माझ्याविषयी यथार्थ बोलला नाही. योग्य वाक्य चुकीच्या माणसावर चुकीच्या वेळी मारले की ते देवाविषयी खोटे बोलते.

मयतीच्या घरी रोमकरांस ८:२८ पहिल्या दिवशी म्हणू नये, ते यामुळे. "सर्व गोष्टी मिळून कल्याणकारक होतात" हे तान्हे मूल गमावलेल्या आईच्या कानात "हे बरेच झाले" असे उतरते. तोच अध्याय आधी सृष्टीचे कण्हणे, आपले कण्हणे आणि आत्म्याचे अनिर्वाच्य कण्हणे सांगतो. पहिल्या दिवशी तेवढेच पुरे. अठ्ठाविसावे वचन ती स्वतः उच्चारील तो दिवस येऊ द्या.

प्रत्यक्ष भेटीचे म्हणाल तर घरून निघतानाच एक स्तोत्र ठरवून, दोनदा मोठ्याने वाचून जा. स्तोत्र २३ सहा वचनांचे आहे, १२१ आठ, १३० आठ. सावकाश वाचले तरी दीड-दोन मिनिटांत होतात. दवाखान्यात भेटीच्या वेळेतच जा, दोघांहून जास्त नको. आधी हात धुवा. खुर्ची ओढून आजाऱ्याच्या नजरेच्या पातळीवर बसा, कारण उभ्याने वाचलेले वचन वरून आल्यासारखे वाटते. "थोडे वाचू का?" असे विचारा आणि नको म्हणाला तर वाईट वाटून घेऊ नका. शेजारच्या खाटेवरही आजारी माणूस आहे, तेव्हा आवाज हळू. पहिली पाच मिनिटे त्याला बोलू द्या. मग वाचन, मग त्याच वचनाच्या शब्दांत एक मिनिटाची प्रार्थना, आणि निघा. एकूण दहा-पंधरा मिनिटे. प्रार्थनेत उपदेश घुसडू नये. "प्रभू, याला आपली पापे कबूल करण्याची बुद्धी दे" हे डोळे मिटून केलेले भाषण असते, आणि आजारी माणूस त्याला उत्तरही देऊ शकत नाही.

स्तोत्र २३ वाचताना एका जागी थांबा. पहिल्या तीन वचनांत दावीद देवाविषयी "तो" म्हणून बोलतो: तो मला हिरव्या कुरणांत बसवतो, तो माझा जीव ताजातवाना करतो. चौथ्या वचनात मृत्युच्छायेचे खोरे येते आणि तिथे अचानक "तू" होते: तू मजबरोबर आहेस. खोऱ्यात शिरल्यावर देवाविषयी बोलणे संपते आणि देवाशी बोलणे सुरू होते. आजाऱ्याजवळ हे समजावून सांगायची गरज नसते. वाचणाऱ्याने तिथे क्षणभर थांबून "तू" नीट उच्चारला तर ऐकणाऱ्यापर्यंत ते पोहोचते. वयस्कर माणसांना, विशेषतः वाचता न येणाऱ्यांना, वाचनापेक्षा पाठ असलेले भजन जवळचे वाटते; ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांच्या भजनांची एक-दोन कडवी बरोबर म्हटली की विस्मरण झालेले आजोबाही कित्येकदा ओठ हलवू लागतात.

वचनावरून प्रार्थना कशी बांधायची

प्रेषितांची कृत्ये ४:२३-३१ हा याचा उत्तम नमुना आहे. पेत्र आणि योहान यांना धर्मसभेने दम देऊन सोडले. ते आपल्या लोकांत आले, आणि सगळ्यांनी मिळून प्रार्थना केली. तिचे चार भाग सहज वेगळे करता येतात. आधी देव कोण आहे ते: आकाश, पृथ्वी, समुद्र यांचा उत्पन्नकर्ता. मग शास्त्र: दुसऱ्या स्तोत्राची पहिली दोन वचने, राष्ट्रे का खवळली. मग त्या वचनाचा आजच्या प्रसंगाशी सांधा, नावे घेऊन: हेरोद, पंतय पिलात, परराष्ट्रीय, इस्राएल लोक. आणि शेवटी मागणी. ही मागणी पाहण्यासारखी आहे. धमक्या थांबव, असे ते म्हणत नाहीत. धमक्यांकडे पाहा, आणि आम्हांला धैर्याने बोलू दे, म्हणतात. उत्तरही तसेच मिळाले: जागा हादरली, ते आत्म्याने भरले आणि धैर्याने बोलू लागले. छळ तर पुढे वाढला.

हाच साचा घरात वापरून पाहा. समजा नवऱ्याचे पिणे सुटत नाही आणि बायको स्तोत्र १३० घेऊन बसली आहे. देव कोण: ज्याच्याजवळ क्षमा आहे असा तू आहेस. वचन: मी खोल स्थळांतून तुला हाक मारते. सांधा: प्रभू, काल रात्रीचे तू पाहिलेस, पोरांनी पाहिले. मागणी: पहाटेची वाट पाहणाऱ्या पहारेकऱ्यापेक्षाही मी तुझी वाट पाहते, आज त्याच्याशी शुद्धीवर असताना बोलायचे धैर्य दे, आणि व्यसनमुक्तीच्या बैठकीला तो येईल असे कर. शेवटची मागणी जितकी ठोस तितके बरे. "सर्वांना आशीर्वादित कर" यात मागणाऱ्याला काय हवे आहे हेच कळत नाही, आणि पुढे उत्तर मिळाले की नाही हेही ओळखता येत नाही. मार खावा लागत असेल तर त्या बाईने घरात राहून केवळ प्रार्थना करावी असे कोणीही वचन दाखवून सांगू नये. दावीदही शौलाचा भाला चुकवून पळाला, आणि पळतानाच प्रार्थना करत राहिला.

बोलण्याच्या ऐन क्षणी मात्र एवढा वेळ नसतो. नहेम्या २:४ मध्ये राजा विचारतो, तुला काय हवे? नहेम्या मनात देवाची प्रार्थना करतो आणि पुढच्याच वाक्यात राजाला उत्तर देतो. एका श्वासाची प्रार्थना. पण तिच्यामागे किसलेव ते नीसान अशी सुमारे चार महिन्यांची प्रार्थना आहे, आणि विचार तर एवढा झालेला आहे की अधिकाऱ्यांना द्यायची पत्रे आणि लाकडाची मागणी त्याच्या ओठांवर तयार आहे. आयत्या वेळी शब्द सुचतात ते बहुधा अशाच माणसाला.

वादात

भावाभावांत जमिनीच्या वाटणीवरून तंटा ही आपल्या घरांतली नेहमीची गोष्ट. लूक १२:१३ मध्ये नेमका असाच एकजण येशूकडे येतो: माझ्या भावाला वतन वाटून द्यायला सांगा. येशू न्यायाधीश व्हायचे नाकारतो आणि दोघांनाही लागू पडेल असे लोभाविषयी बोलतो. सातबाऱ्यावर कोणाचे नाव लागावे हे वचनाने ठरत नाही; ते कागदांनी आणि कायद्याने ठरते. वचन हे ठरवते की मी भावाशी कसा बोलेन आणि किती घेऊन थांबेन.

मत्तय १८:१५-१७ पायऱ्या देते. आधी एकट्याने, दोघांतच. ऐकले नाही तर एक-दोघांना बरोबर घेऊन. मग मंडळीला. "जेथे दोघे किंवा तिघे माझ्या नावाने जमले आहेत" हे आवडते वचन याच परिच्छेदाच्या शेवटी आहे; लहान प्रार्थनासभेचा दिलासा म्हणून आपण ते वापरतो, पण ते मुळात भावाला परत मिळवण्याच्या कष्टाच्या कामाला दिलेले बळ आहे. बिघडते ते पहिली पायरी गाळल्याने. भावाशी न बोलता त्याचे नाव घरप्रार्थनेत "प्रार्थनेचा विषय" म्हणून सांगितले जाते, आणि ती चहाडी ठरते. किंवा स्टेटसला वचन लावले जाते जे सगळ्यांनी वाचावे पण लागावे एकालाच. वचन तलवार आहे हे इफिसकरांस ६:१७ सांगते खरे, पण पाचच वचने आधी तिथे स्पष्ट म्हटले आहे की आपले झगडणे रक्तमांसाबरोबर नाही.

हातांची सेवा

याकोब २:१५-१६ मध्ये उघड्या आणि उपाशी भावाला "सुखाने जा, ऊब घ्या, तृप्त व्हा" म्हणणारा माणूस आहे. त्याचे शब्द आशीर्वादाचेच आहेत. दिले मात्र काहीच नाही, म्हणून याकोब विचारतो, त्याचा काय उपयोग? बोलणे आणि राबणे एकत्र कसे चालते याचे महाराष्ट्रातले ठळक उदाहरण केडगावचे आहे. पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून निराधार मुली आणल्या. तिथल्या त्यांच्या 'मुक्ती' आश्रमात प्रार्थना होती, तशीच शेती होती, विणकाम होते, छापखाना होता. मूळ भाषांवरून पवित्र शास्त्र सोप्या मराठीत आणण्याचे काम त्या अखेरपर्यंत करत होत्या आणि १९२२ मध्ये मरणापूर्वी त्यांनी ते पुरे केले. जेवणघर आणि वचन ही तिथे दोन वेगळी खाती नव्हती.

देव पुरवतो त्या शक्तीने सेवा करायची तर आपल्या वाट्याला किती आले आहे हे आधी पाहावे लागते. निर्गम १८ मध्ये मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटा न्यायनिवाडा करत बसतो. सासरा इथ्रो त्याला सांगतो, तू आणि हे लोकही झिजून जाल. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसे नेम. मोशेला देवाने शक्ती दिली होतीच, पण ती इतक्या सगळ्या माणसांचे काम एकट्याने करायला दिली नव्हती.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाची सेवा घ्या. त्याला साधारण दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते, नाहीतर कंबर, टाचा आणि ढुंगणावर दाबाच्या जखमा होतात. हे दिवसरात्र एका सुनेला करता येत नाही. तिने कितीही प्रार्थना केली तरी दुसऱ्या आठवड्यात तिची पाठ धरते, तिसऱ्यात तिचा स्वर कडू होतो. इथे मंडळीने वहीत पाळी लावावी. चार घरे, प्रत्येकी आठवड्यातून दोन दुपारी, तीन तास. येणाऱ्याने काय करायचे तेही लिहून ठेवा: कूस कोणत्या वेळी, औषध कोणते, चादर कुठे. सुनेने त्या वेळात झोपायचे, पाहुण्यांना चहा करायचा नाही. देवाची शक्ती तिच्यापर्यंत याच वाटेने यायची असते आणि ती अडते ती आपण "काही लागले तर सांगा" म्हणून निघून आल्यावर.

सेवा आपल्याच बळावर चालली आहे हे ओळखायला एक खूण पुरे. लूक १०:४० मध्ये मार्थेच्या तोंडी ती आहे: माझ्या बहिणीने मला एकटीला टाकले, याची आपल्याला पर्वा नाही का? काम तेच असते, पण लक्ष दुसरी काय करत नाही याकडे गेलेले असते. तिथे हात थांबवून बसावे आणि काम कमी करावे. चार पदार्थांऐवजी दोन.

आजारपण, तेल आणि गोळ्या

याकोब ५:१४ चा क्रम नीट पाहा. आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना (म्हणजे मंडळीच्या पुढाऱ्यांना) बोलवायचे, वडिलांनी प्रभूच्या नावाने तेल लावून त्याच्यासाठी प्रार्थना करायची. म्हणजे बोलावणे आजाऱ्याकडून येते, अनेक वडील येतात, एकटा चमत्कार करणारा कोणी येत नाही. कॅथलिक मंडळीत आजाऱ्याला तेल लावण्याचा संस्कार धर्मगुरूच देतात. तेल कपाळाला बोटभर पुरते. अतिदक्षता विभागात आणि जखम किंवा टाके असतील तर परिचारिकेला आधी विचारा.

औषध बंद करायला कोणीही सांगू नये. पौलाचा सोबती लूक वैद्य होता. तीमथ्याच्या पोटासाठी पौलाने थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितला, आणि त्रफिमाला तो मिलेतात आजारी सोडून आला. प्रार्थनेनंतर बरे वाटले म्हणून क्षयरोगाच्या गोळ्या सोडल्या जातात, ही फार घातक चूक आहे. साध्या क्षयाचा उपचार सहसा सहा महिन्यांचा असतो. पहिल्या काही आठवड्यांतच ताप आणि खोकला उतरतो, पण जंतू मेलेले नसतात. मध्येच सोडल्यास उरलेले जंतू औषधाला दाद देईनासे होऊ शकतात, आणि तोच आजार घरातल्यांना लागतो. बरे झाल्याची साक्ष द्यायची असेल तर ती तपासणीनंतर, डॉक्टरांनी गोळ्या थांबवल्यावर द्यावी. तोवर उभारीबद्दल आभार मानता येतात, आणि तेवढे खरे असते.

बरे वाटलेच नाही तर "तुझा विश्वास कमी पडला" हे वाक्य उच्चारू नये. पौलाने आपल्या शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा विनंती केली. काटा राहिला. उत्तर मिळाले ते २ करिंथकरांस १२:९ मध्ये: माझी कृपा तुला पुरे आहे, कारण अशक्तपणातच माझी शक्ती पूर्णतेस येते. पौलाचा विश्वास कमी होता असे म्हणायला कोणी धजणार नाही. मग ते शेजारच्या काकूंना कसे म्हणावे?

गौरव कोणाचा

पेत्राच्या वचनाचा शेवट गौरवावर आहे, आणि ते प्रत्यक्षात तपासता येते. उपदेश छान झाला असे कोणी म्हटले तर "माझे काहीच नाही" असे लांबवण्यापेक्षा "आभार, त्यातले कोणते वचन उपयोगी पडले?" असे विचारा, म्हणजे बोलणे पुन्हा वचनाकडे जाते. आजाऱ्याचा फोटो प्रार्थनेच्या पोस्टबरोबर टाकू नका, त्याने स्वतः परवानगी दिली तरी दोनदा विचार करा.

पैशाच्या बाबतीत पौलाने फार काटेकोर व्यवस्था केली होती. यरुशलेमेतल्या गरिबांसाठी जमवलेली रक्कम नेताना त्याने तीताबरोबर मंडळ्यांनी नेमलेला माणूस पाठवला, आणखी एक बंधू पाठवला, आणि कारणही लिहिले: या दानाबाबत कोणी दोष लावू नये, प्रभूच्या दृष्टीनेच नव्हे तर माणसांच्या दृष्टीनेही जे चांगले त्याची आम्ही काळजी घेतो (२ करिंथकरांस ८:२०-२१). तेव्हा आजाऱ्यासाठी मंडळीत वर्गणी काढली तर ती दोघांनी मिळून मोजावी, वहीत दोघांच्या सह्या असाव्यात, रक्कम ज्या घरासाठी काढली तिथेच द्यावी आणि पोहोच घ्यावी. पुढच्या रविवारी किती जमले आणि किती पोहोचवले हे वाचून दाखवावे, देणाऱ्यांची नावे न घेता.